मर्केल गुप्तहेर झाली तर बिघडलं कुठे?

वाचनवेडी (बर्लिन)

काल नानांनी लिहिलं होतं की हयात माणसाचं नाव उचलून त्याला विनोदी रहस्यकथेत गुप्तहेर करणं म्हणजे चोरी. पात्र उभं करायचे कष्ट नकोत, प्रसिद्धी आयती हवी. मी रात्री तीनदा उत्तर लिहून खोडलं. आता राहवत नाही.

नाना, जर्मन लेखक डाविड सफियरची मर्केलवाली पुस्तकं तुम्ही वाचलेली नाहीत, हे तुमच्या पोस्टवरूनच कळतं. पहिलं पुस्तक मार्च २०२१ मध्ये आलं, तेव्हा ती अजून जर्मनीची चॅन्सेलर, म्हणजे सरकारप्रमुख, होती. कादंबरीत ती निवृत्त होऊन नवऱ्याबरोबर बर्लिनच्या उत्तरेकडच्या उकरमार्क भागातल्या एका काल्पनिक गावात राहायला येते, केक भाजते, कंटाळते. मग किल्ल्यात एक सरदार विष घालून मारलेला सापडतो आणि बाई जाग्या होतात. उकरमार्क हा तिचा खराखुरा मुलूख आहे, टेम्पलिनला ती वाढली. तिने डॉक्टरेट क्वांटम केमिस्ट्रीत केली आहे. पुरावा हातात येईपर्यंत तोंड न उघडणारी बाई गुप्तहेर म्हणून उपरी वाटतच नाही.

आणि कष्टाचं म्हणाल तर कल्पनेतलं पात्र कसंही बोललं तरी चालतं. मर्केल कशी बोलते, हात कसे जुळवते, कुठे गप्प बसते हे इथल्या प्रत्येकाने सोळा वर्षं पाहिलंय. एक वाक्य चुकलं की वाचक पुस्तक मिटतो.

एकच गोष्ट सांगते. १९९५ मध्ये तिला कुत्रा चावला होता. तेव्हापासून ती कुत्र्यांना घाबरते, आणि हे जगजाहीर होतं. तरी २००७ मध्ये रशियातल्या सोचीला पुतिनने बैठकीत आपली काळी लॅब्राडोर मोकळी सोडली. तो फोटो बघा. ती खुर्चीत अंग चोरून बसली आहे आणि तो मजेत. कादंबरीत ती भीती घालवण्यासाठी नवरा तिला पग जातीचं कुत्रं आणून देतो आणि त्याचं नाव असतं पुतिन. ते नाव वाचून मी टेम्पलिनच्या गाडीत मोठ्याने हसले आणि पुढच्याच क्षणी डोळ्यांत पाणी आलं. ही चोरी असेल तर अशा चोऱ्या आणखी व्हाव्यात.

नाना_सातारा

कुत्र्याचं मान्य, ते चांगलं आहे. पण तुम्ही सोयीचं पुस्तक निवडलंत.

इंग्रज लेखक पीटर लव्हसीने प्रिन्स ऑफ वेल्स बर्टीला, म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या युवराजाला, गुप्तहेर केलं, पहिली कादंबरी १९८७ ची. बर्टी फुशारक्या मारतो आणि पदोपदी चुकतो, तिथे मीही हसलो. पण तो तपास कसला करतो? फ्रेड आर्चरच्या आत्महत्येचा. आर्चर हा खराखुरा जॉकी होता, डर्बी ही घोड्यांची मोठी शर्यत पाच वेळा जिंकलेला. बायको बाळंतपणात गेली, त्यानंतर दोन वर्षांनी, १८८६ मध्ये, त्याने स्वतःला गोळी घातली. वय एकोणतीस. मागे तान्ही म्हणावी अशी पोर राहिली. त्या घरातलं दुःख घेऊन शंभर वर्षांनी कोडं घालायचं?

माझे आजोबा खेड्यात शाळामास्तर होते. गावच्या मंडळाने गणपतीत नाटक बसवलं आणि त्यात आजोबांच्याच नावाचे मास्तर हरवलेली कोंबडी शोधत हिंडतात. गाव लोटपोट हसलं. त्यानंतर आजोबा पारावर बसायला गेले नाहीत. मरेपर्यंत नाहीत. हे मी पाहिलंय, त्यामुळे "बिघडलं कुठे" हे मला विचारू नका.

ऱ्हस्वदीर्घ

मूळ मुद्दा बाजूला ठेवतो. वाचनवेडी, तुम्ही एका देशाच्या माजी प्रमुखांना "ती" म्हणताय. मध्येच "बाई जाग्या होतात", पुन्हा "ती". मराठीत वडीलधाऱ्या, मानाच्या माणसाला अहो-जाहो असतं. शीर्षकातच "मर्केल झाली" वाचून मला पुढे वाचवेना.

चहाबिस्कीट

मग सचिनला काय म्हणता? "ते बाद झाले"? वानखेडेवर शेजारच्याला म्हणून बघा.

आपण जीव लावतो त्याला अरे-तुरे करतो. जनाबाईने थेट "अरे विठ्या" म्हणून हाक मारली आणि पुढे "कारट्या"ही म्हटलं. तिची भक्ती कमी पडली का?

ऱ्हस्वदीर्घ

जनाबाईचा अधिकार तुमचा-माझा नाही. आणि खेळाडूचं वेगळं आहे. लताबाईंना लोक सर्रास "लता गायली आहे" म्हणतात, तेही मला खटकतं.

चहाबिस्कीट

लताला "त्या" म्हटलं की माझ्या आईला ती कुणी परकी बाई वाटेल! आई पन्नास वर्षं स्वयंपाक करताना "लता लाव" म्हणतेय. तुम्ही तिला आदर शिकवणार?

ऱ्हस्वदीर्घ

तुमच्या आईंबद्दल मी अवाक्षर काढलेलं नाही. शब्द माझ्या तोंडी घालू नका.

लंडनची मावशी

दोघंही जरा शांत व्हा. इथे एलिझाबेथ राणीला गुप्तहेर केलेली मालिका आहे, एस. जे. बेनेटची. पहिलं पुस्तक २०२० चं, म्हणजे राणी हयात असतानाचं. विंडसरला एक तरुण रशियन पियानोवादक मेलेला सापडतो. नव्वदीच्या राणीला उघडपणे तपास करता येत नाही, म्हणून तिची सहायक रोझी धावपळ करते, आणि शेवटी श्रेय राणी दुसऱ्यांना घेऊ देते. वाचताना हसू येतं आणि मानही कुठे ढळत नाही. पुस्तकात सगळे तिच्याशी अदबीने वागतात, पण लेखिका "शी" म्हणूनच मोकळी होते. मराठीत आणायचं तर पहिल्याच पानावर अडणार. "राणीसाहेबांनी चहाचा कप ठेवला" म्हटलं की विनोद संपला आणि "राणीने ठेवला" म्हटलं की परीकथा झाली. अहो-जाहोचा प्रश्न क्षुल्लक नाही.

गल्लीतला_समीक्षक

तुम्ही सर्वनामांवर भांडताय आणि मुख्य आक्षेप कुणी घेतच नाही. २०१८ मध्ये अँड्र्यू शॅफरने बायडन आणि ओबामा यांची गुप्तहेर-जोडी केली. बायडनच्या ओळखीचा रेल्वे कंडक्टर मरतो आणि दोघं शोधाला निघतात. बायडन किती भोळा, किती जिवाभावाचा! दोन वर्षांनी तोच माणूस अध्यक्षपदाची निवडणूक जिंकला. सत्ता गाजवलेल्या माणसाला गोड करून दाखवणं ही फुकटची जाहिरात आहे. केक भाजणारी मर्केल वाचताना कर्जात बुडालेल्या ग्रीसवर लादलेली काटकसर आठवते का कुणाला? रशियाच्या गॅसवर देश विसंबला, ते आठवतं का?

वाचनवेडी (बर्लिन)

हा आक्षेप लागला. गोडवा जास्त आहे, कबूल करते. इथेही लोक हेच म्हणतात.

पण नाना, तुमच्या कपाटात "स्वामी" आहे ना? थोरले माधवराव आणि रमाबाई एकांतात काय बोलले ते रणजित देसाईंनी कुठून ऐकलं? तेव्हा चोरी कुणाला आठवली नाही. गंभीर लिहिलं की साहित्य आणि हसवलं की बदनामी?

नाना_सातारा

माधवराव १७७२ मध्ये गेले, कादंबरी १९६२ ची. एकशे नव्वद वर्षं. दुखावायला घरचं कुणी उरलं नव्हतं.

वाचनवेडी (बर्लिन)

घरच्यांचंच म्हणता तर तुमच्या बाजूचा पुरावा मीच देते. जर्मन लेखक क्लाउस मानने "मेफिस्टो" कादंबरीत गुस्टाफ ग्रुंडगेन्स या नटावर बेतून पात्र रंगवलं, नाव बदलून. नट १९६३ मध्ये वारला, दत्तक मुलगा कोर्टात गेला आणि १९७१ मध्ये इथल्या घटनात्मक न्यायालयाने कादंबरीवरची बंदी कायम ठेवली. मेलेल्याच्या अब्रूसाठी. पण १९८१ मध्ये रोव्होल्ट प्रकाशनाने ते पुस्तक छापलंच. आणि मर्केलची पुस्तकं काढणारं किंडलर प्रकाशन हे त्याच घरातलं. नाव बदलूनही जिथे बंदी आली, तिथे आज खऱ्या नावाने माजी चॅन्सेलर पगला फिरवते आणि २०२३ मध्ये त्यावर टीव्हीचा चित्रपटही येतो. देश मोकळा झाला की नाही?

नाना_सातारा

झाला असेल. मर्केलला सोळा वर्षं माइक होता, ती उत्तर देऊ शकते. आजोबांकडे पार होता, तोही सुटला. मोठ्यांवर लिहा, माझी हरकत मागे घेतो. आर्चरच्या पोरीचं मात्र तसंच राहिलं.

आणि ऱ्हस्वदीर्घ म्हणतात ते हसण्यावारी नेऊ नका. नाटकात कोंबडीवाली आजोबांना "ए मास्तर" म्हणते. घरी आल्यावर आजोबा कोंबडीबद्दल काही बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, "ए म्हणाली रे मला, सगळ्यांसमोर."

वाचनवेडी (बर्लिन)

नाना, हे काल लिहिलं असतंत तर मी एवढी चिडले नसते.

पहिल्या प्रकरणाचा अनुवाद करतेय. दोन्ही तऱ्हांनी लिहून पाहिलं. "ती वाकली आणि तिने पगला उचललं." "त्या वाकल्या आणि त्यांनी पगला उचललं." दुसऱ्यात गुडघे दुखतात, वय दिसतं. तेच ठेवतेय.

ऱ्हस्वदीर्घ

आभार. शीर्षकही बदला.

नाना_सातारा

प्रकरण पाठवा. वाचून मग भांडेन.