मदत हवी आहे : नियमच नवा असलेले संगणकीय खेळ सुचवावेत

राजेंद्रनगरकर, इंदूर

सप्रेम नमस्कार.

संगणकावरचे असे खेळ मला हवे आहेत, ज्यांत केवळ चित्रे किंवा कथा वेगळी नसते, तर खेळण्याचा नियमच पूर्वी कुठे न पाहिलेला असतो. बंदुकांचे, मोटारींच्या शर्यतींचे आणि रोज हजेरी लावली की नाणी वाटणारे खेळ यांच्या याद्या आंतरजालावर मुबलक आहेत. त्या मला नकोत. ज्यांनी स्वतः खेळून पाहिले आहे अशा मराठी माणसांचे मत हवे आहे, म्हणून हा धागा काढत आहे.

आधी परिस्थिती सांगतो. रविवारी संध्याकाळी नववीत शिकणारी माझी भाची आणि सहावीतला भाचा आमच्या घरी येतात आणि माझी आई, मी व ती दोघे मिळून टीव्हीला लॅपटॉप जोडून खेळतो. माऊस एकाच्या हातात असतो, डोकी चौघांची चालतात. आई मराठी आणि हिंदी सहज वाचते, इंग्रजी वाचत नाही. मुलांना इंग्रजी सवयीचे आहे, मराठी घरात बोलतात, पण वाचताना अडखळतात. इंदुरातल्या पुष्कळ मराठी घरांत हेच चित्र दिसेल. त्यामुळे ज्या खेळात पानेच्या पाने संवाद वाचावे लागतात, तिथे आई नुसती प्रेक्षक होऊन बसते आणि आमच्यातील सर्वांत चिकित्सक डोके वाया जाते. लॅपटॉप कार्यालयीन कामाचा आहे, आठ जीबी रॅम, वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही.

आतापर्यंत जे खेळलो त्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, म्हणजे आमची आवड लक्षात येईल.

फिनलंडचे आर्वी तेइकारी यांचा ‘बाबा इज यू’ (२०१९) हा खेळ दिसायला अगदी साधा, ढकलाढकलीचा आहे. फरक एवढाच की खेळाचे नियम त्याच फळीवर शब्दांचे ठोकळे होऊन पडलेले असतात. ‘वॉल इज स्टॉप’ हे तीन ठोकळे एका ओळीत आहेत तोवर भिंत अडवते. त्यातला एक ठोकळा बाजूला सरकवला की भिंतीतून खुशाल चालत जावे. ‘बाबा इज यू’ (बाबा हे आपण हलवतो त्या पात्राचे नाव) हे वाक्यच मोडले तर पडद्यावर आपण कोणीच उरत नाही आणि खेळ तिथेच थबकतो. आईने यातले दहा-बारा इंग्रजी शब्द चित्रासारखे ओळखायला सुरुवात केली आणि तेवढ्यावर तिचे काम भागले. चाल कितीही वेळा मागे घेता येते, घाई अजिबात नाही.

मात्र सर्वांत अधिक रमलो ते ल्यूकस पोप यांच्या ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’ (२०१८) या खेळात. ईस्ट इंडिया कंपनीचे एक व्यापारी जहाज १८०३ साली बेपत्ता होते आणि १८०७ साली, एकही माणूस जिवंत नसलेल्या अवस्थेत, इंग्लंडमधील फाल्मथ बंदराला लागते. आपण विम्यासाठी पाहणी करणारे निरीक्षक. हाती एक घड्याळ असते. ते एखाद्या सांगाड्याजवळ उघडले की त्या माणसाच्या मृत्यूचा क्षण गोठलेल्या देखाव्यासारखा भोवती उभा राहतो, आणि त्यात हिंडून साठ जणांपैकी हा कोण आणि त्याचे काय झाले, हे वहीत नोंदवायचे असते. खेळाचा सगळा कस मला एका छोट्या अटीत दिसतो : तीन जणांच्या नोंदी पूर्णपणे बरोबर झाल्याशिवाय खेळ कशालाच दुजोरा देत नाही. एकेक नोंद तपासून मिळाली असती, तर मुलांनी नावे बदलत बदलत यादी संपवली असती. तिघांच्या अटीमुळे अंदाजपंचे काम महाग पडते आणि पुरावा शोधावाच लागतो. पुरावा तरी कसला, तर झोपण्याच्या झोळीवरचा क्रमांक, पायांतले बूट, दंडावरचे गोंदण, कोण नेहमी कोणाच्या शेजारी उभा असतो ते. ही नजर आईची आहे. खलाशांमधील हिंदुस्थानी माणसे तिनेच आधी वेगळी काढली. चित्रण जुन्या मॅकिंटॉश संगणकाच्या धर्तीवर दोनच रंगांच्या ठिपक्यांचे आहे. काही मृत्यू भीषण आहेत आणि सहावीतल्या मुलाला ते दाखवावेत की नाही, यावर घरात वाद झाला. ठिपक्यांमुळे रक्त रक्तासारखे दिसत नाही हा भाचीचा युक्तिवाद आईने मान्य केला, मला तो अजून पटलेला नाही.

सॅम बार्लो यांचा ‘हर स्टोरी’ (२०१५) मात्र आम्हाला सोडावा लागला. त्याची कल्पना उत्तम आहे : पोलिसांच्या जुन्या चौकशीच्या चित्रफिती शब्द टाकून शोधायच्या, आणि एका शब्दाला कितीही फिती जुळल्या तरी पहिल्या पाचच पाहायला मिळतात, त्यामुळे नेमका शब्द सुचणे हाच खेळ. पण सगळी मदार बोललेल्या इंग्रजीवर आहे, आणि विषयही खुनाचा.

तेव्हा जाणकारांना माझी विनंती अशी की, इंग्रजी बेताचे लागेल, हाताच्या चपळाईपेक्षा विचाराला वाव असेल, साध्या लॅपटॉपवर चालेल आणि चौघांना एकत्र बसून वाद घालता येईल, असे खेळ सुचवावेत. खेळाचे नुसते नाव देऊ नये. त्यातला नवा नियम कोणता, हे दोन ओळींत जरूर लिहावे. उत्तरे मात्र फोडू नयेत.

लष्करवाला, ग्वाल्हेर

आपला प्रश्न वाचून पहिले नाव सुचले ते ‘चँट्स ऑफ सेनार’ या २०२३ सालच्या फ्रेंच खेळाचे. एका प्रचंड मनोऱ्यात पाच समाज राहतात, प्रत्येकाची लिपी वेगळी, आणि आपल्याला त्यातले एक अक्षरही येत नाही. दारावरच्या पाट्या, भित्तिचित्रे, लोकांचे हातवारे यांवरून चिन्हांचा अर्थ ताडायचा. काही चिन्हे भेटली की वहीत चित्रांचे एक पान उघडते आणि त्या पानावरची सगळी चिन्हे योग्य चित्रांसमोर ठेवली तरच अर्थ पक्का होतो. म्हणजे आपल्याला आवडलेली तिघांची अट इथे वेगळ्या वेषात आहे. एका भाषेत अनेकवचन करताना चिन्ह दोनदा काढतात, दुसरीत वाक्यातील शब्दांचा क्रमच निराळा. आपल्या घरात याला विशेष अर्थ आहे असे मला वाटते, कारण इथे इंग्रजी येणारा आणि न येणारा एकाच पायरीवर उभे असतात. खेळातल्या वहीत अर्थ टिपता येतातच, पण शेजारी कागदाची वही ठेवून आईंना त्यात मराठीत नोंदी करू द्याव्यात. पहारेकऱ्यांना चुकवून पळण्याचे काही प्रसंग आहेत, ते भाच्याकडे सोपवावेत.

दुसरा ‘गोरोगोआ’ (२०१७). जेसन रॉबर्ट्स यांनी हाताने काढलेल्या चित्रांचा हा खेळ आहे आणि त्यात संवाद नाहीत. पडद्यावर चार चौकटी असतात. एका चित्रातील खिडकी उचलून दुसऱ्या चौकटीवर ठेवली की ती तिथल्या देखाव्यातली वाट होते. दोन-तीन तासांत संपतो, हीच काय ती तक्रार.

दांडियाबाजार, वडोदरा

वरील दोन्ही नावांना अनुमोदन. पण वाद घालण्याचीच हौस असेल तर ‘कीप टॉकिंग अँड नोबडी एक्सप्लोड्स’ (२०१५) घ्यावा. एकाच्या समोर पडद्यावर बॉम्ब असतो, बाकीच्यांच्या हाती तो निकामी करण्याची पुस्तिका. बॉम्ब पाहणाऱ्याने पुस्तिका पाहायची नाही आणि पुस्तिका वाचणाऱ्यांनी पडदा पाहायचा नाही, सारा व्यवहार तोंडी. पुस्तिका विनामूल्य उतरवून छापता येते आणि खेळाची एकच प्रत पुरते. आमच्या घरी मराठी आणि गुजराती दोन्ही चालतात, त्यामुळे एकच चिन्ह सासूबाईंना जिलेबी दिसते आणि मुलाला विंचू, आणि तेवढ्यात घड्याळ पुढे सरकते.

आपल्याकडे भूमिकांची वाटणी उलटी करून पाहावी. आईंना पडद्यासमोर बसवावे आणि इंग्रजी पुस्तिका मुलांकडे द्यावी, म्हणजे मुलांना वाचलेला मजकूर तत्काळ मराठीत सांगावा लागेल. पहिल्या बॉम्बमध्ये रंगीत तारा, एक बटण आणि चिन्हांचा कळफलक एवढेच असते; बटणावरचा शब्द तेवढा इंग्रजी, तो अक्षरांच्या आकारावरून वर्णन करता येतो. पुढे काही भाग मात्र निव्वळ इंग्रजी शब्दांचे येतात. वेळ कमी पडत असेल तर त्यातल्या ‘फ्री प्ले’ म्हणजे मुक्त खेळ या प्रकारात मिनिटे वाढवता येतात. चपळाई नको असे आपण लिहिले आहे. इथे हात नाही, जीभ चपळ लागते.

पैसे खर्च करण्यापूर्वी काही पाहायचे असेल तर फ्रँक लँट्झ यांचा ‘युनिव्हर्सल पेपरक्लिप्स’ (२०१७) ब्राउझरमध्ये फुकट आहे. एक बटण दाबले की कागद अडकवायची एक पेपरक्लिप तयार होते, सुरुवातीला एवढेच. पुढचे सांगणे म्हणजे खेळ फोडणे. पडद्यावर मजकूर इंग्रजीत असला तरी बराचसा आकड्यांचा आहे. ‘टाउनस्केपर’ही ब्राउझरमध्ये चालतो, पण त्यात जिंकणे-हरणे नाही, पाण्यावर रंगीत घरे बांधत बसायचे, त्याला कोडे म्हणता येणार नाही.

डेक्कनचा वाचक, पुणे

आपल्या अटींत न बसणारे एक नाव तरीही लिहितो : ‘आउटर वाइल्ड्स’ (२०१९). एक छोटी सूर्यमाला, दर बावीस मिनिटांनी सूर्याचा स्फोट, आणि पुन्हा तीच सकाळ. यात शस्त्र वाढत नाही, ताकद वाढत नाही. मागच्या फेरीत जे कळले ते एवढेच पुढच्या फेरीत सोबत येते. शेवटापर्यंत जाण्याची वाट पहिल्याच फेरीपासून उघडी असते, फक्त ती आपल्याला माहीत नसते. नियमातच नावीन्य हवे असे म्हणणाऱ्याने हा खेळ टाळू नये. भाची मोठी झाल्यावर तिला एकटीला खेळू द्यावा.

राजेंद्रनगरकर, इंदूर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ‘चँट्स ऑफ सेनार’ निश्चित केला आहे आणि आईसाठी दोनरेघी वही आणून ठेवली आहे. पुण्याच्या सदस्यांचे म्हणणे पटते, पण त्या खेळात वाचायचा इंग्रजी मजकूर बराच दिसतो आणि माझ्या लॅपटॉपला तो झेपेल असे वाटत नाही, म्हणून तो तूर्त बाजूला. बॉम्बच्या खेळाबाबत भाची अधीर आहे. आईचे म्हणणे असे की घड्याळ लावून विचार करणे म्हणजे परीक्षा झाली, खेळ नव्हे. तो आम्ही मुक्त खेळात मिनिटे वाढवूनच सुरू करू.

एक शंका उरते. भाच्याला जुळवाजुळवीचा नाद आहे. खेळण्यातल्या मोटारी तो उघडतो आणि बहुतेक परत जोडतो. त्याच्यासाठी, पण चौघांना भाग घेता येईल असे, यंत्र बांधण्याचे काही आहे का?

लष्करवाला, ग्वाल्हेर

‘ओपस मॅग्नम’ (२०१७), झॅकट्रॉनिक्स या कंपनीचा. किमयागाराची यंत्रे बांधायची असतात : फिरणारे, लांबणारे बाहू टेबलावर मांडायचे आणि कोणत्या ठोक्याला कोणत्या बाहूने काय करायचे ते खालच्या पट्टीवर लिहायचे. कोड्याचे एक ठरावीक उत्तर नसते. चालणारे कोणतेही यंत्र मान्य होते आणि मग त्याची मोजदाद तीन प्रकारे होते : खर्च किती, ठोके किती, जागा किती. तिन्हींत एकदम उत्तम ठरणे बहुतेक वेळा शक्य नसते. त्यामुळे चौघांनी चार यंत्रे बांधावीत. आई काटकसर पाहतील, भाचा वेग पाहील, आणि कोण सरस यावर निकाल लागणार नाही. मधले कथेचे संवाद वगळता येतात. पडदा टीव्हीवर घेतलात तर उत्तम, कारण खालच्या पट्टीवरील खुणा बारीक असतात.

स्टीम या संगणकीय खेळांच्या ऑनलाइन दुकानातून घेणार असाल तर एवढे लक्षात ठेवा : खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि एकूण २ तासांपेक्षा कमी खेळला असेल, तर परताव्याची मागणी करता येते. लॅपटॉप साधा असल्याने घेतल्यावर तो चालतो की नाही हे त्याच दिवशी टीव्हीला जोडून पाहावे, पुढच्या रविवारची वाट पाहू नये. ‘गोरोगोआ’साठी मात्र ही सवलत वापरू नका, तेवढ्या वेळात तो जवळजवळ संपतो.