पर्वरीत फ्लॅट बघतोय, कंपनी म्हणते "१०० टक्के अक्षय ऊर्जा, नेट झिरो", बुकिंगच्या आधी काय विचारू?

पर्वरीकर_नवा:
नमस्कार मंडळी. गोव्यात पर्वरीला टू बीएचके बघतोय, चार मजली बिल्डिंग, २४ फ्लॅट. ब्रोशरच्या पहिल्याच पानावर लिहिलंय की सगळा प्रकल्प १०० टक्के अक्षय ऊर्जेवर चालणार आणि कंपनी २०४० पर्यंत नेट झिरो होणार, म्हणजे जेवढा कार्बन सोडणार तेवढा भरून काढून निव्वळ उत्सर्जन शून्य करणार. गच्चीवरचे पॅनेल पण दाखवले, १० किलोवॅट म्हणाले. मला ही गोष्ट मनापासून पटते, घरात लहान मुलगी आहे, तिच्यासाठी चार पैसे जास्त गेले तरी चालतील. पण ब्रोशरवर किती विसंबायचं कळत नाही, म्हणून विचारतोय.

म्हापशेकार:
आमच्याकडे काय झालं ते सांगतो. ताबा मिळाला तेव्हा गच्चीवर पॅनेल होते, इन्व्हर्टर होता, पण नेट मीटरचा (ग्रिडला दिलेली आणि घेतलेली वीज मोजून बिलात वजा करणारा मीटर) अर्जच वीज खात्यात गेला नव्हता, सात महिने पॅनेल नुसते तापत राहिले आणि आम्ही लिफ्ट, पंपाचं पूर्ण बिल भरत राहिलो. शेवटी धावपळ करून आम्हीच कागद केले. मग पहिला पावसाळा संपल्यावर वर जाऊन बघतो तर पॅनेलच्या खालच्या कडेला हिरवं शेवाळ, काचेवर कावळ्यांची घाण, आणि स्ट्रक्चरचे बोल्ट गंजून तांबडे झालेले. आपल्या खाऱ्या हवेत साधे बोल्ट टिकत नाहीत, स्टेनलेस स्टीलचे लागतात. शेजारच्या माडाची सावली दुपारनंतर तीन पॅनेलवर पडते ते वेगळंच.
म्हणून मीटर कोणाच्या नावावर, कधी लागणार आणि धुण्यापुसण्याचं काम किती वर्षं कोणाकडे, हे आधी विचारा. आणखी एक, ऑन-ग्रिड सोलर, म्हणजे वीज खात्याच्या लाइनला जोडलेला, लाइट गेली की बंदच पडतो, लाइनमनला शॉक बसू नये म्हणून तशीच रचना असते. तेव्हा जूनमध्ये फांदी पडून लाइट गेली की डिझेल जनरेटरच चालणार. बॅटरी आहे का ते विचारा.

फोंड्याचा_वायरमन:
हिशेब करून बघा ना. १ किलोवॅट वर्षभराच्या सरासरीने दिवसाला साधारण ४ युनिट देतो, जुलैत बरंच कमी, मार्च-एप्रिलात जास्त. म्हणजे १० किलोवॅटचे महिन्याला १२०० युनिट. तुमचे २४ फ्लॅट, एसी धरून प्रत्येकी २५० युनिट धरले तरी ६००० होतात, वर लिफ्ट, पंप वेगळे. त्यामुळे १०० टक्के हे गच्चीवरून होणं शक्य नाही, त्याला ५० किलोवॅट लागतील आणि १ किलोवॅटला सावली नसलेली साधारण १०० चौरस फूट जागा लागते, टाक्या आणि लिफ्टची खोली सोडून तेवढी गच्ची उरत नाही. उरलेली वीज कंपनी कुठून धरते ते विचारा, बाहेरून सौर वीज विकत घेते की नुसती सर्टिफिकेटं घेते, म्हणजे दुसरीकडे तयार झालेल्या अक्षय विजेचे दाखले. एक सर्टिफिकेट म्हणजे १००० युनिट, त्याचा कागद दाखवता येतो.
तरी १० किलोवॅटला कमी लेखू नका. गोव्यात येणारी बहुतेक वीज बाहेरून येते आणि देशाच्या ग्रिडमध्ये अजून कोळसाच जास्त, एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरतात. वर्षाला १० टनांच्या आसपास वाचतो, आणि हे पॅनेल २५ वर्षं चालतात.
आणि बांधकामाचं काय, त्याचा हिशेब मागा! जगातल्या कार्बन उत्सर्जनात एकट्या सिमेंटचा वाटा ७-८ टक्के आहे. फ्लाय अ‍ॅशचं (कोळशाची राख मिसळलेलं) सिमेंट वापरलं का, भिंती इथल्या जांभ्या चिऱ्याच्या आहेत का, पश्चिमेच्या काचांवर सावली आहे का, हे विचारा. भिंत तापलीच नाही तर एसी कमी लागतो, मला हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

मडगावची_अ‍ॅडव्होकेट:
कायद्याचं माझ्याकडून. रेरा, म्हणजे बिल्डरांवर नियंत्रण ठेवणारा कायदा, २०१६, कलम १२, जाहिरातीत किंवा माहितीपत्रकात दिलेल्या खोट्या माहितीवर विसंबून पैसे दिले आणि नुकसान झालं तर भरपाई मागता येते. ब्रोशर जपून ठेवा, वेबसाइटचे स्क्रीनशॉट तारखेसकट काढा. आणि १० टक्क्यांहून जास्त रक्कम करार नोंदवल्याशिवाय देऊ नका, कलम १३.
गच्चीचं नीट बघा बरं का. आपल्याकडे वरच्या मजल्यावाल्याला गच्ची "एक्सक्लुझिव्ह" म्हणून विकतात आणि मग पॅनेल धुवायला वर जायचं तर त्याची परवानगी लागते, अशी भांडणं मी बघितलीत. कायद्याच्या व्याख्येत गच्ची आणि अक्षय ऊर्जेची यंत्रणा दोन्ही सामायिक जागेत येतात. करारात किती किलोवॅट, कुठे, सोसायटीच्या मालकीचं, हे आकड्यांत लिहून घ्या. २०२४ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पर्यावरणाच्या दाव्यांबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढलीत, "नेट झिरो" म्हटलं तर पुरावा दाखवावा लागतो. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते.

पर्वरीकर_नवा:
सगळ्यांना देव बरे करो. शनिवारी परत साइटवर जातोय, नेट मीटर, बोल्ट आणि गच्ची हे तिन्ही वहीत लिहून घेतलेत. वरच्या मजल्याचा फ्लॅट कोणाला विकलाय आणि त्याच्या करारात गच्चीबद्दल काय लिहिलंय ते पहिल्यांदा विचारतो. चिऱ्याचं मात्र बघितलं होतं, खालच्या दोन मजल्यांना चिरे आहेत, वर ब्लॉक.