पावडरचे दूध आणि बाटली सोडवताना आलेले अनुभव

अजिंक्यतारा (सातारा)
परवा पोवई नाक्याजवळच्या औषधाच्या दुकानात एक तरुण वडील पावडरच्या दुधाचा चौथ्या टप्प्याचा डबा (मुलाच्या वाढत्या वयानुसार डब्यांवर टप्प्याचे आकडे असतात) मागत होते आणि त्यांच्या कडेवरचे मूल दोन्ही हातांनी बिस्कीट धरून व्यवस्थित चावून खात होते. ते पाहून माझ्या मुलीच्या वेळचे सगळे आठवले, म्हणून हा धागा काढत आहे. मला अंगावर पुरेसे दूध नव्हते, त्यामुळे तिला पहिल्या महिन्यापासून वरचे दूध सुरू करावे लागले. वर्ष पूर्ण झाल्यावर आमच्या बालरोगतज्ज्ञांनी सांगितले की आता पावडरीची गरज उरलेली नाही, घरचे जेवण आणि साधे दूध पुरेसे आहे.

माझे मत असे आहे की पावडर सोडवणे आणि बाटली सोडवणे ही दोन निरनिराळी कामे आहेत आणि ती एकाच आठवड्यात करायला जाऊ नये. पावडर सहज सुटली. तयार केलेल्या पावडरच्या दुधात आम्ही पिशवीचे उकळलेले दूध थोडे थोडे मिसळत गेलो आणि प्रमाण वाढवत नेले, तेव्हा चवीतला फरक तिच्या लक्षातही आला नाही. बाटलीचे मात्र तसे नव्हते, कारण तिची भूक बाटलीशी नव्हे, तर झोप बाटलीशी जोडलेली होती. आम्ही आधी दुपारची बाटली बंद केली, मग संध्याकाळची, आणि रात्रीची सर्वांत शेवटी. दुपारचे दूध सासरे चहा घेत असत त्याच वेळी त्यांच्या शेजारी बसवून फुलपात्रातून दिले. निम्मे फ्रॉकवर जात असे, पण आजोबांसारखे प्यायचे म्हटल्यावर तिला स्वतःच उत्साह येई. आपापले अनुभव सविस्तर लिहावेत, ही विनंती.

कृष्णाकाठ (सांगली)
आमच्याकडे क्रम नेमका उलटा झाला. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आमच्या गल्लीत पाणी शिरले, तेव्हा मुलगा दहा महिन्यांचा होता. नेसत्या कपड्यांनिशी उंचावरच्या नातेवाइकांकडे गेलो. पावडरचा डबा बरोबर होता, पण बाटल्या घरीच राहिल्या. शहरात दूध येत नव्हते, नळाला पाणी नव्हते, आणि त्या घरात आमच्यासारखी आणखी तीन कुटुंबे होती. कोणीतरी मदत म्हणून नवी बाटली आणून दिली, तेव्हा त्याच घरात उतरलेल्या एका निवृत्त परिचारिका काकूंनी ती सरळ बाजूला ठेवली. त्यांचे म्हणणे असे होते की बाटलीचा गळा आणि बूच, म्हणजे चोखायचे रबरी टोक, नीट घासून उकळायला जितके पाणी आणि गॅस लागतो तितका आपल्याकडे नाही, आणि अर्धवट धुतलेल्या बुचातून मुलाला जुलाब लागले तर आत्ता दवाखाना गाठणेही अवघड आहे. वाटी आणि चमचा मात्र सगळीकडून उघडे असल्यामुळे थोड्या पाण्यातही स्वच्छ होतात.

त्यांनीच सांगितल्याप्रमाणे पिण्याचे पाणी खळखळ उकळून, ते अजून चांगले गरम असतानाच त्यात पावडर मिसळत होतो. पावडर निर्जंतुक नसते, म्हणून पाणी किमान ७० अंश असावे लागते, आणि मग भांडे गार पाण्यात ठेवून दूध कोमट करायचे असते. उरलेले दूध पुढच्या वेळेसाठी न ठेवता टाकून द्यायचे, हे त्या टंचाईत जिवावर येत असे. पहिले दोन दिवस मुलगा चमच्याला हात मारून रडला. पूर ओसरून घरी परतलो तेव्हा गाळात सापडलेल्या बाटल्या टाकून दिल्या आणि नव्या आणल्याच नाहीत. पावडर पुढे वर्ष पूर्ण होईपर्यंत वाटीतूनच चालू राहिली.

मिरजेची आजी
आमच्या मुलांना चांदीच्या बोंडल्याने, म्हणजे चोच असलेल्या छोट्या भांड्याने, दूध पाजले, त्यामुळे बाटली सोडवण्याचा प्रश्नच कधी आला नाही. सहाव्या महिन्यापासून म्हशीचे दूध निम्मे पाणी घालून देत होतो आणि मुले ठणठणीत वाढली.

दंतवैद्य (कराड)
आजी, बोंडल्याला माझा मनापासून पाठिंबा आहे, परंतु दुधाच्या बाबतीत आता सल्ला वेगळा दिला जातो. वर्षाच्या आत गाईचे किंवा म्हशीचे दूध हे मुख्य पेय असू नये, असे आमचे बालरोगतज्ज्ञ मित्र सांगतात, कारण त्यात लोह फारच कमी असते आणि लहान मुलाच्या आतड्यातून नकळत रक्त झिरपण्याचीही शक्यता असते.

माझ्या विषयाचे तेवढे सांगतो. बाटली तोंडात ठेवून झोपणाऱ्या मुलांचे वरचे पुढचे चार दात आधी किडतात. खालचे दात जिभेखाली झाकले जातात म्हणून बहुधा वाचतात. झोपेत लाळ कमी होते, त्यामुळे दूध दातांवर तसेच साचून राहते. पालकांनी आठवड्यातून एकदा वरचा ओठ उचलून पाहावे. हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ दिसली तर ती किडीची सुरुवात असते आणि त्या टप्प्यावर दात वाचवता येतो. तपकिरी डाग पडल्यावर लोक माझ्याकडे येतात आणि म्हणतात की दुधाचेच दात आहेत, पडणारच आहेत. पहिला दात आला की तांदळाच्या दाण्याएवढी फ्लोराइडयुक्त पेस्ट लावून दात घासावेत आणि रात्री घासल्यानंतर पाण्याशिवाय काही देऊ नये.

माणदेशी बाबा (विटा)
रात्रीचे काम आमच्या घरी मी अंगावर घेतले होते, कारण आई दिसली की मुलाला बाटली आठवत असे. बाटलीचे काय करायचे हा प्रश्न अनपेक्षितपणे सुटला. आमच्या गोठ्यात शेळी दगावल्यामुळे एक करडू आईविना राहिले होते, त्याला आम्ही ती बाटली देऊन टाकली. चिरंजीव रोज सकाळी आपल्याच बाटलीने त्याला दूध पाजायला माझ्याबरोबर येत. स्वतःसाठी बाटली मागण्याचे प्रमाण त्यानंतर झपाट्याने कमी झाले, कारण त्यांच्या मते ती आता करडाची वस्तू होती.

अजिंक्यतारा (सातारा)
दादा, करडाची बाटली पुढे कशी सोडवली, तेही लिहावे.

माणदेशी बाबा (विटा)
ते सुबाभळीचा पाला खाऊ लागले आणि एके दिवशी त्याने बूचच चावून टाकले. दंतवैद्यांकडे न्यावे लागले नाही.

बँकवाली (सातारा)
एकत्र कुटुंबातील अडचण कोणी लिहिली नाही, म्हणून लिहिते. मी सकाळी बँकेत गेल्यावर दिवसभर मुलगी सासूबाईंजवळ असे. मी घरी कितीही नियम केले तरी दुपारी ती रडू लागली की त्या बाटली देत, आणि त्यात त्यांचे काही चुकते असे मला वाटत नाही, कारण रडणारे मूल सांभाळायला मी तिथे नव्हते. शेवटी मी सगळे त्यांच्यावरच सोपवले. त्यांनी उष्टावणाची चांदीची वाटी बाहेर काढली आणि दुपारी दुधाऐवजी तूप घातलेला मऊ वरणभात भरवून तिला झोपवायला सुरुवात केली. पोट भरलेले असल्यामुळे दुपारची बाटली आठवडाभरात बंद झाली. जी व्यक्ती दुपारभर मुलाजवळ असते तिला पटल्याशिवाय बाटली सुटत नाही, असे माझे ठाम मत आहे.

द्राक्षबाग (तासगाव)
माझा मुलगा चौदा महिन्यांचा आहे. दिवसातून पाच बाटल्या दूध पितो आणि जेवणाला तोंड फिरवतो. तपासणीत हिमोग्लोबिन कमी आले असून लोहाचे थेंब सुरू केले आहेत. दूध कमी केले तर तो अशक्त होईल, असे घरातील सर्वांना वाटते.

कृष्णाकाठ (सांगली)
ताई, बहुधा दुधामुळेच त्याला भूक लागत नसेल. वर्षानंतर दिवसाला साधारण ४०० ते ५०० मिलिलिटर दूध पुरते, असे आम्हाला सांगितले होते. त्याहून अधिक दुधाने पोट भरते, लोह मिळत नाही, आणि दुधातील कॅल्शियममुळे जेवणातील लोहही नीट शोषले जात नाही. म्हणून थेंब दुधाबरोबर देऊ नका आणि आमटीवर लिंबू पिळा. अंडे चालत असेल तर उत्तम. थेंबांमुळे शौचाचा रंग काळा होतो, त्याने घाबरू नये. बेदाणा तुमच्या घरचाच असेल, पण अख्खा देऊ नका, बारीक चिरून द्या, आणि द्राक्षे उभी कापून द्या, कारण दोन्ही घशात अडकू शकतात.

वाईकर
रात्रीच्या बाटलीत दूध कमी आणि पाणी जास्त करत नेले, तेव्हा आमची मुलगी उठायचीच बंद झाली. मात्र हा उपाय वर्षानंतरच्या साध्या दुधासाठी आहे. पावडरचे दूध कधीही पातळ करू नये, डब्यावरचे चमच्याचे माप तंतोतंत पाळावे.

बँकवाली (सातारा)
आमची मुलगी नुसत्या पाण्याची बाटलीही तितक्याच प्रेमाने मागत असे, त्यामुळे हा उपाय सर्वांना लागू पडेलच असे नाही. दातांच्या दृष्टीने तेवढीच सोय झाली.

सेवानिवृत्त शिक्षक (सांगली)
मूळ लेखातील चौथ्या टप्प्याच्या डब्याविषयी थोडे लिहितो. १९९२ च्या कायद्याने आणि त्यातील २००३ च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आईच्या दुधाला पर्याय म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थांच्या आणि बाटल्यांच्या जाहिरातीला बंदी घातलेली आहे, आणि डब्यावर बाळाचे चित्रही छापता येत नाही. तरीही एक टप्पा संपला की दुसरा आणावाच लागतो, असा समज त्या आकड्यांवरूनच होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत वर्षानंतर असे खास दूध देण्याची शिफारस नाही. दुधाची ॲलर्जी असलेल्या किंवा वजन न वाढणाऱ्या मुलांचा निर्णय अर्थातच डॉक्टरांनी घ्यावा.

द्राक्षबाग (तासगाव)
सर्वांचे आभार. पुढच्या आठवड्यात नणंदेच्या घरी पुण्याला लग्न आहे. एसटीच्या प्रवासात बाटली बरोबर न्यावी की निघण्यापूर्वीच बंद करावी?

अजिंक्यतारा (सातारा)
आत्ता बंद करू नका. प्रवास, ताप, दात येणे किंवा घरात नवे बाळ येणे, अशा काळात सुरू केलेले काम बहुतेक वेळा मोडते. लग्नाहून परत आल्यावर दुपारच्या बाटलीपासून सुरुवात करा. तोपर्यंत जेवण आधी आणि दूध नंतर एवढाच बदल करून पाहा, आणि प्रवासात उकळलेले दूध तासन्‌तास बाटलीत भरून ठेवू नका.