ड्राउट, ड्राफ्ट आणि लाल कंधारी बैल

कृषी पदविकेला असलेला भाचा परवा वही घेऊन आला. 'लाल कंधारी'पुढं त्यानं लिहिलं होतं, 'दुष्काळी जात'. कुठून काढलंस म्हटलं, तर म्हणाला, "मामा, पुस्तकातच हाय की, ड्राउट ब्रीड." पुस्तक उघडून बघितलं. 'आर'नंतर 'ओ' नव्हताच, 'ए' होता. म्हणजे ड्राफ्ट ब्रीड. नांगर, वखर, गाडी ओढणारी, ओढकामाची जात. (देवणी दुधालाही आणि ओढकामालाही, हे त्याला बरोबर आलं होतं.)

पोराला हसायला मन होईना. आपल्याकडं दुष्काळ इतका सवयीचा की डोळा आधी तोच शब्द वाचतो. त्यात कंधारकडचं हे जनावर कमी चाऱ्यावर तगतं, हे घरी ऐकलेलं. अर्थ जुळला, मग संशय यायचा कुठून?

हे दोन शब्द दिसायला जुळे असले तरी एका घरातले नाहीत. ड्राउट हा 'ड्राय'च्या कुळातला, मूळ अर्थ कोरडेपणा. त्यातला 'जीएच' गप्प बसतो. दुसरा आला 'ड्रॉ'वरून, म्हणजे ओढणं. स्पेलिंगात तोच 'जीएच', पण इथं त्याचा 'लाफ'सारखा 'फ' होतो. म्हणून उच्चार ड्राफ्ट. जे जे ओढलं जातं ते यात आलं. गाडीला जुंपलेला बैल, दाराच्या फटीतून आत येणारा वारा, पिंपातून काढलेली बिअर आणि एका दमात घशाखाली गेलेला पाण्याचा घोटसुद्धा. आपण नाही का बैलाकडून गाडी ओढून घेतो आणि विडीही ओढतो!

म्हणजे बघा, 'ओ' लिहिला की दुष्काळ आणि 'ए' लिहिला की पाण्याचा घोट. 2016 च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, तेव्हा दोन्ही शब्द एकाच फलाटावर उभे होते म्हणायचे.

अमेरिकेत ही भानगड नाही, तिथं सरळ उच्चाराप्रमाणं 'एफ' घालून लिहितात. बँकेचा ड्राफ्ट आणि अर्जाचा कच्चा मसुदा यांना तर ब्रिटिश लोकही 'एफ'च लावतात. बैल मात्र जुन्या स्पेलिंगात अडकलाय.

स्टेशनरीचंही तसंच. वह्या-पेनांच्या दुकानाच्या पाटीवर बऱ्याचदा 'जागेवर उभी' या अर्थाची स्पेलिंग असते. 'पेपर'च्या शेवटी 'ईआर' असतो, तोच कागदाच्या स्टेशनरीत असतो, एवढं ध्यानात ठेवलं तरी भागतं. तशी मुळात दोन्ही एकच. पाठीवर गाठोडं घेऊन न फिरता एका जागी दुकान थाटलेला पुस्तकविक्या म्हणजे स्टेशनर. आपल्या 'स्थान', 'स्थिर'मधला 'स्था' याच गोतावळ्यातला.

भाच्याला खूण सांगितली : ड्राउटमधला 'ओ' ओसाड रानाचा आणि ड्राफ्टमधला 'ए' बैलाला हाकताना घालतो तो, "ए, चल!" त्यानं वहीत खाडाखोड करून 'ओढकामाची जात' लिहिलं. खाली कंसात मात्र घातलंच, 'दुष्काळातबी चालते'.