भिंतीवरचा कागद

घरच्या रुग्णाची काळजी कशी घ्यायची हे प्रशिक्षणात शिकलेलं घरी टिकत नाही, असं एका ताईंनी लिहिलंय. अगदी खरं. कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या आमच्या घरी सासूबाई पक्षाघातानं अंथरुणाला खिळल्या. दर 2 तासांनी कूस बदलायची हे मला तोंडपाठ होतं, तरी माकडहाडापाशी लाली, म्हणजे पडून राहून होणाऱ्या जखमेची सुरुवात, आलीच. मग कॅलेंडरचा कोरा कागद पलंगाशेजारी भिंतीला चिकटवला: 8 डावी, 10 उताणं, 12 उजवी. दोरीला पेन बांधला. वळवेल त्यानं खूण करायची, शिरोलीहून रात्रपाळी करून आलेल्या दिरानंसुद्धा. लाल जागा चोळायची नाही, हेही मोठ्या अक्षरात लिहिलं, कारण शेजारच्या मावशी मायेनं तेल घेऊन यायच्या. भरवल्यावर अर्धा तास टेकून बसवणं मात्र अजून निसटतं. पेज संपली की सासूबाई "आडवं कर गं" म्हणतात, आणि माझा जीव तुटतो.