मुलांसाठी रासायनिक माउथवॉशऐवजी वनौषधींच्या गुळण्या : सल्ला हवा आहे

धागाकर्ती (औसा, जि. लातूर)

नमस्कार. माझी मुलगी आठ वर्षांची आहे आणि मुलगा सव्वाचार वर्षांचा. दिवाळीनंतर मुलीच्या हिरड्या सुजल्या आणि ब्रश केला की थुंकीत रक्त दिसू लागले, म्हणून तिला दंतवैद्यांकडे नेले. त्यांनी दात स्वच्छ करून दिले आणि क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशक औषधाच्या माउथवॉशने दिवसातून दोनदा चूळ भरायला सांगितली. किती दिवस, हे त्यांनी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. रक्त थांबले, त्यामुळे औषध लागू पडले असे समजून आम्ही बाटलीमागून बाटली आणत राहिलो आणि अडीच महिने कसे गेले ते कळले नाही. गेल्या आठवड्यात तिची वेणी घालताना ती आरशात बघून हसली, तेव्हा खालच्या पुढच्या चारही दातांवर, हिरडीलगत, चहाच्या कपाच्या तळाशी बसतो तसा तपकिरी थर मला दिसला. शिवाय हल्ली ती रोज वरण अळणी झाले म्हणून मीठ मागते.

आता ते माउथवॉश बंद केले आहे. सासूबाई त्रिफळ्याच्या काढ्याने गुळण्या करायला सांगतात. शेजारच्या काकूंनी कडुलिंबाच्या तेलाचे दोन थेंब पाण्यात टाकून द्या असे सुचवले. मेडिकलमध्ये ‘हर्बल’ लिहिलेल्या तीन-चार बाटल्या दाखवल्या. यांतले मुलांसाठी खरोखर सुरक्षित आणि उपयोगी काय आहे? धाकट्यालाही बहिणीसारखे करायचे असते, त्यामुळे त्याच्याही वयाचा विचार करून कृपया सांगावे.

प्रतिसाद १ (अंबाजोगाई)

ताई, आमच्या घरी तोंड आले की पेरूची कोवळी पाने उकळून त्या पाण्याने गुळण्या करतात आणि आराम पडतो, एवढा माझा अनुभव आहे. लहानपणी आम्ही बाभळीच्या काडीनेच दात घासले. मात्र एक गोष्ट कळकळीने सांगते. घरात कोणी मशेरी लावत असेल, तर तो डबा मुलांच्या हाताला लागेल असा ठेवू नका. माझी मावशी तिला ‘दात घट्ट करणारे औषध’ म्हणायची आणि नातवंडांच्या हिरड्यांनाही बोटाने लावायची. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू आहे. दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू वापरायला आपल्याकडे 1992 पासून बंदी आहे, तरी घरोघरी तव्यावर भाजणे थांबलेले नाही.

प्रतिसाद २ (बालदंतवैद्य, छत्रपती संभाजीनगर)

ताई, आधी काळजी कमी करतो. मुलीच्या दातांवरचा तपकिरी थर वरवरचा आहे. तो क्लोरहेक्सिडिनचा ठाऊक असलेला दुष्परिणाम आहे आणि मुले चहा पीत असतील तर तो अधिक गडद होतो. घरी खरवडू नका, लिंबू किंवा खायचा सोडा लावू नका. दवाखान्यात पॉलिश केले की तो निघतो. चवही औषध बंद केल्यावर परत येते. या औषधाला मी वाईट म्हणणार नाही, कारण 1970 च्या सुमारास त्याचा दातांवरच्या जंतूंच्या चिकट थरावरचा परिणाम सिद्ध झाल्यापासून त्याच्या तोडीचे दुसरे फारसे सापडलेले नाही. परंतु ते साधारण दोन आठवड्यांसाठी द्यायचे औषध आहे, रोजच्या सवयीची वस्तू नाही, आणि ही मुदत चिठ्ठीवर लिहून द्यायला हवी होती.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. दात किडतात ते तोंडातले जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात म्हणून, आणि हे जंतू दातावर चिकट थर करून राहतात. तो थर कोणत्याही पाण्याने, मग ते रासायनिक असो की वनौषधींचे, नुसते खळखळवून निघत नाही. त्यासाठी ब्रशच लागतो. आठ वर्षांच्या मुलीचा हात अजून मागच्या दाढांपर्यंत नीट पोहोचत नसतो. सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे जी कायमची दाढ येते, तिला पुष्कळ पालक दुधाचीच समजतात आणि तीच सर्वांत आधी किडते. म्हणून रात्रीचा ब्रश तुम्ही स्वतः, तिच्या मागे उभे राहून, तिचे डोके आपल्या छातीला टेकवून करून द्या. हिरड्यांतून पुन्हा रक्त येऊ नये यासाठी कोणत्याही गुळण्यांपेक्षा याचा उपयोग अधिक होईल.

तरीही त्रिफळ्याबद्दल तुमच्या सासूबाई बरोबर सांगत आहेत. शाळकरी मुलांवर आपल्या देशात जे अभ्यास झाले, त्यांत त्रिफळ्याच्या गुळण्यांनी दातांवरचा थर आणि हिरड्यांची सूज कमी झालेली दिसली, काही अभ्यासांत तर जवळपास क्लोरहेक्सिडिनइतकी. पण यांतले बरेच अभ्यास थोड्या मुलांवर आणि थोड्या आठवड्यांचे आहेत, आणि त्यांतून वर्षानुवर्षे कीड थांबते असे म्हणता येत नाही. हिरड्यांसाठी, काही दिवस, ब्रशच्या जोडीला, असा वापर करायला माझी हरकत नाही.

कडुलिंबाचे तेल मात्र कृपा करून देऊ नका, दोन थेंबही नको. लहान मुलांच्या पोटात हे तेल गेल्यावर उलट्या, झापड, झटके आणि यकृताला इजा होऊन मुले दगावल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. लवंगेच्या तेलाचेही तसेच. ते मुलांच्या तोंडाची नाजूक त्वचा भाजते आणि गिळले गेले तर विषारी ठरते. झाडापासून आले म्हणजे निरुपद्रवी, हा समज दवाखान्यात मला वारंवार खोडून काढावा लागतो.

धाकट्यासाठी उत्तर सोपे आहे : सहा वर्षांपर्यंत कोणतेही माउथवॉश नाही. या वयात मूल चूळ थुंकण्याऐवजी गिळते. त्याला बहिणीच्या बरोबरीने पेल्यात साधे पाणी द्या आणि मोरीत थुंकायचा सराव करू द्या.

प्रतिसाद ३ (वैद्य, परभणी)

डॉक्टरांनी सांगितलेल्या वयाच्या मर्यादेला आयुर्वेदाचाही आधार आहे. शार्ङ्गधरसंहितेत गंडूष आणि कवल पाचव्या वर्षानंतर करावेत असे सांगितले आहे. गंडूष म्हणजे तोंड भरून द्रव न हलवता धरणे आणि कवल म्हणजे तोंडात फिरवणे. मुलांना कवलच जमतो आणि तोच द्यावा. तेल तोंडात धरण्याचा प्रकार मुलांकडून करवू नये, कारण ठसका लागून तेल श्वासनलिकेत गेले तर फुप्फुसाला अपाय होतो.

काढा घरी असा करावा. हिरडा, बेहडा आणि आवळकाठी यांचे समभाग भरड चूर्ण एक चहाचा चमचा घेऊन दोन कप पाण्यात मंद आचेवर अर्धे राहीपर्यंत उकळावे. पातेले स्टीलचे असावे. लोखंडी भांड्यात केला तर त्रिफळ्यातल्या तुरट द्रव्याचा लोखंडाशी संयोग होऊन काढा शाईसारखा काळा होतो, म्हणूनच केसांच्या लेपासाठी त्रिफळा मुद्दाम लोखंडी कढईत भिजवतात. दातांसाठी तो उपयोगाचा नाही. काढा दुहेरी सुती कापडातून गाळावा, कारण तळाचा रवाळ गाळ घशाला टोचतो आणि मूल पुन्हा तोंड लावत नाही. कोमट झाल्यावर दोन चमचे तोंडात घेऊन अर्धा मिनिट फिरवून थुंकावा. चव तुरट लागते म्हणून गूळ किंवा मध घालण्याचा मोह होईल, पण तेवढे टाळावे. काढा रोज ताजा करावा. सकाळचा उरलेला संध्याकाळी वास मारू लागतो, विशेषतः आपल्याकडच्या उन्हाळ्यात. दोन आठवडे करून थांबावे, कारण तुरट द्रव्यांनीही दातांवर हलकी पिवळट झाक येऊ शकते, आणि तोपर्यंत सूज उतरली नाही तर पुन्हा दंतवैद्यांना दाखवावे.

बाजारातली बाटली घ्यायचीच असेल, तर पुढची पाने-फुले न पाहता मागचे बारीक अक्षर वाचावे. अल्कोहोल किंवा साखर असेल तर ती मुलासाठी नको. आयुर्वेदिक औषधाचा परवाना क्रमांक, घटकांचे प्रमाण आणि वयाची सूचना नसेल तरीही नको.

प्रतिसाद ४ (किनवट, जि. नांदेड)

माझा प्रश्न थोडा वेगळा, पण याच विषयाचा आहे. आमच्या भागातल्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. माझ्या मुलाचे नवे आलेले पुढचे दात खडूने रेघा ओढल्यासारखे पांढरे पट्टेदार आहेत. शाळेतल्या एका पालकाने फ्लोराइडचे माउथवॉश सुरू करा असे सुचवले. करावे का?

प्रतिसाद ५ (बालदंतवैद्य, छत्रपती संभाजीनगर)

दादा, पाणी तपासल्याशिवाय मुळीच करू नका. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंत असावे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर जास्तीत जास्त 1.5 चालते, असे भारतीय मानक आहे. साधारण आठ वर्षांपर्यंत कायमच्या दातांचे कवच हिरडीच्या आत घडत असते, आणि तेव्हा पोटात गेलेले जादा फ्लोराइड त्यावर हे पट्टे उमटवते. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटते तसे त्याचे प्रमाण वाढते. म्हणून वैद्यांनी सांगितलेला काढादेखील तुमच्याकडे आरओच्या पाण्यात करावा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत पाणी तपासून मिळते. फ्लोराइडची टूथपेस्ट मात्र बंद करू नका. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांत वाटाण्याएवढी, आणि थुंकायला लावा. पट्टे दिसत आहेत म्हणून एकदा आमच्या शासकीय दंत महाविद्यालयात किंवा जवळच्या बालदंतवैद्यांकडे दाखवून घ्या.

धागाकर्ती (औसा)

सर्वांचे मनापासून आभार. कडुलिंबाच्या तेलाबद्दल काकूंना काल संध्याकाळीच जाऊन सांगितले. त्यांच्या नातीला त्या देत होत्या, त्यांनी माझ्यासमोर बाटली उचलून वर फडताळात ठेवली आणि आता देणार नाही म्हणाल्या. शनिवारी मुलीच्या दातांचे पॉलिश करून घेत आहोत. सासूबाईंनी आवळकाठी, हिरडा आणि बेहडा खलबत्त्यात कुटून ठेवला आहे, आणि काढा चौदा दिवसच करायचा हे मी या वेळी कॅलेंडरवर लिहिले आहे. आम्हीही उन्हाळ्यात टँकर आला नाही की बोअरचेच पाणी पितो, हे किनवटच्या दादांचा प्रश्न वाचताना लक्षात आले, म्हणून पाण्याचा नमुना लातूरला पाठवणार आहे. तपासणीचा आकडा आला की इथेच लिहीन.