अनुभव धागा: आपल्या कामाबद्दल पत्रकारांशी बोलताना तुमचं काय झालं?

आम्ही मंगळवेढ्याजवळच्या एका गावातल्या अकरा बायका बचत गटातून ज्वारीचा रवा, पोहे, लाह्या आणि कडक भाकरी विकतो. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. पुढे २०२३ हे आंतरराष्ट्रीय पौष्टिक तृणधान्य वर्ष ठरलं आणि आमच्याकडेही पत्रकार येऊ लागले. पहिल्याच मुलाखतीत मी अर्धा तास बोलले. काळ्या कसदार रानातली मालदांडी ज्वारी, थंडी आणि दवावर निघणारं रब्बीचं पीक, कडब्याचा भाव, सगळं सांगितलं. निघताना, गाडीजवळ उभं राहून त्यांनी विचारलं, "मधुमेहवाल्यांना चालते ना?" मी म्हणाले, "हो, आमचे डॉक्टरसुद्धा ज्वारीच खा म्हणतात."

दुसऱ्या दिवशी मथळा: ज्वारीने पळवला मधुमेह! खाली माझा फोटो, गटाचा नंबर. दोन दिवस फोन थांबला नाही. माल संपला, पण एका आजोबांनी विचारलं, "ताई, मग गोळी बंद करू का?" तेव्हा माझे हातपाय गार पडले. आमच्याकडे अन्नसुरक्षेचा परवाना आहे, आणि पदार्थानं आजार बरा होतो असा दावा आम्हाला करताच येत नाही. त्या दोन दिवसांत प्रत्येक फोनवर मी आधी "गोळी बंद करू नका" एवढंच सांगत होते.

प्रसिद्धी आम्हाला हवी आहे, तिच्याशिवाय पुण्या-मुंबईचं गिऱ्हाईक मिळत नाही. पण बोलायचं कसं? पुढच्या महिन्यात आकाशवाणीवर ध्वनिमुद्रण आहे. तुमचे अनुभव मोकळेपणानं लिहा.

*

तालुका वार्ताहर, मराठवाडा

ताई, दुसऱ्या बाजूनं लिहितो. मथळा आम्ही देत नाही. आम्ही बातमी पाठवतो, मथळा जिल्हा कार्यालयातले उपसंपादक लावतात, आणि त्यांच्यासमोर त्या संध्याकाळी अशा कितीतरी बातम्या असतात. तुमचं अर्ध्या तासाचं बोलणं त्यांनी ऐकलेलंच नसतं. त्यांना दिसतं ते माझ्या बातमीतलं सगळ्यात ठसठशीत वाक्य.

म्हणून ते वाक्य तुम्हीच तयार ठेवा, आणि बोलण्याच्या सुरुवातीला आणि शेवटी, दोनदा सांगा. वही मिटली, कॅमेरा बंद झाला म्हणून मुलाखत संपली असं धरू नका. गाडीजवळ बोललेलंही छापून येतं, तुमच्या बाबतीत तेच झालं.

आणखी एक. सोबत एक कागद द्या किंवा व्हॉट्सॲपवर टाइप करून पाठवा: गटाचं नाव अचूक, सदस्य किती, सुरुवात कोणत्या साली, कुठं मिळतं. फोटो आडवा, चेहऱ्यावर उजेड असलेला. आम्हाला महिन्याकाठी फार काही मिळत नाही, दिवसाला चार ठिकाणी पळतो. हाताशी बरोबर माहिती असेल तर चूक कमी होते. "छापण्याआधी बातमी दाखवा" म्हटलं तर बहुतेक जण नकार देतील. "आकडे आणि नावं एकदा फोनवर वाचून दाखवाल का?" याला मात्र मी तरी कधी नाही म्हटलेलं नाही.

*

राजापूर, कातळशिल्पं

आमच्या भागातल्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, जांभ्या दगडात कोरलेली शिल्पं आहेत. मी गावातला, पाहुण्यांना ती दाखवतो. २०२२ मध्ये कोकणातली आठ आणि गोव्यातलं एक अशी नऊ ठिकाणं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. पत्रकाराला मी 'संभाव्य' हा शब्द तीनदा सांगितला. छापून आलं, "जागतिक वारशाचा दर्जा मिळाला". गावात फटाके वाजले. नंतर लोक मलाच विचारायला लागले, की दर्जा मिळाला तर रस्ता का होत नाही, राखणदार का नाही?

आता मी 'संभाव्य' म्हणून थांबत नाही. सरळ सांगतो, "अजून दर्जा मिळालेला नाही, आपण रांगेत उभे आहोत." हे वाक्य कुणी चुकवत नाही. वयाचंही तसंच. "किती हजार वर्षं जुनं?" हा प्रश्न येतोच. त्यावर मी सांगतो, "नेमका काळ ठरलेला नाही, आणि म्हणूनच इथं अभ्यास व्हायला पाहिजे." त्यांना लिहायला काहीतरी मिळतं आणि मला खोटं बोलावं लागत नाही.

पण माझी खरी चूक वेगळी होती. एका वाहिनीच्या चित्रीकरणात रेषा ठळक दिसाव्यात म्हणून त्यांनी खडू मागितला आणि मी आणून दिला. पुढचे कित्येक महिने येणारा प्रत्येक जण खडू घेऊन यायचा, कारण टीव्हीवर तसंच दिसलं होतं. त्या पांढऱ्या रेषा मी पाण्यानं धूत बसायचो. आता चित्रीकरणाला सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावरच बोलावतो. तिरप्या उन्हात सावली पडते आणि रेषा आपोआप उठून दिसतात. कॅमेरावालेही खूश होतात.

*

सर्पमित्र, सातारा जिल्हा

खडूचं वाचून लिहावंसं वाटलं. मला वाहिनीवाल्यांनी नाग हातात धरून फणा दाखवायला सांगितलं होतं. मी नाही म्हणालो. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, तो एक भाग झाला. पण माझ्या वाडीतली पोरं ते बघून नागाला हात घालणार, ही भीती जास्त होती. ते चित्रीकरण न करताच परत गेले आणि घरच्यांनी मला वेड्यात काढलं.

पावसाळ्यात दुसऱ्या एका वाहिनीचा फोन आला. या वेळी मीच विचारलं, काय दाखवणार? नाग, मण्यार, घोणस, फुरसे यांची छायाचित्रं घेऊन बसलो. मण्याराचा दंश रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला कळतही नाही, चिरा देऊ नका, आवळून बांधू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका, थेट प्रतिसर्पविष असलेल्या दवाखान्यात जा, एवढंच बोललो. त्यातलं दवाखान्याचं वाक्य त्यांनी पट्टीवर चालवलं. माझं नाव चुकीचं आलं होतं, पण त्याचं मला काही वाटलं नाही.

*

लाकडी खेळणी, सावंतवाडी

थोडक्यात लिहिते. "तुमची यशोगाथा छापतो" असा फोन आला, दोन तास मुलाखत झाली, आणि शेवटी पॅकेज सांगितलं. ती जाहिरात पुरवणी होती. आता पहिलाच प्रश्न विचारते, "ही बातमी आहे की जाहिरात?" पैसे देऊन छापून घ्यायचं असेल तर जाहिरात म्हणूनच घ्यावं, त्यात कमीपणा नाही. पण आपण बातमी समजून घरी सगळ्यांना सांगितलेलं असतं, त्याचं वाईट वाटतं.

*

नैमित्तिक निवेदिका, आकाशवाणी

ताई, तुमच्या ध्वनिमुद्रणासाठी काही गोष्टी. कागदावर लिहून आणा, पण वाचू नका, वाचलेलं ऐकणाऱ्याला लगेच कळतं. पानं वेगवेगळी ठेवा, टाचणी लावलेला गठ्ठा उलटताना खरखर येते. बांगड्या जास्त असतील तर बाहेर काढून ठेवा. चुकलात तर थांबा, श्वास घ्या, अख्खं वाक्य पहिल्यापासून म्हणा. अर्ध्यातून जोडलं तर संपादनात सांधा कळतो.

रेडिओवर फोन नंबर पटकन सांगू नका, दोन-दोन आकडे करून सांगा आणि पुन्हा म्हणा. ऐकणारी बाई कणीक मळत असते, तिला पेन शोधायला वेळ लागतो. आणि ज्वारीचं वर्णन करू नका, भाकरी थापतानाचं सांगा. पीठ कोमट पाण्यात कसं मळता, तव्यावर पाणी कधी फिरवता, हे तुम्हीच सांगू शकता.

*

मंगळवेढा, धागाकर्ती

सगळ्यांचं वाचलं, काल गटाच्या बैठकीतही वाचून दाखवलं. मधुमेहाचा प्रश्न येणारच, म्हणून उत्तर आम्ही मिळून ठरवलं: "ज्वारी हे आमचं रोजचं अन्न आहे, औषध नाही. गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका." बोलायलाही मी जाणार नाही. आमच्यातल्या सर्वांत थोरल्या काकू जाणार आहेत. त्या साठ वर्षं भाकरी थापतायत. आत्ता अंगणात बसून फोन नंबर दोन-दोन आकड्यांनी म्हणायची तालीम चालली आहे.